मझाबुकाचा गाळप हंगाम

महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर दिवाळीच्या आगेमागे पेटतात आणि मार्च-एप्रिलमध्ये ऊस संपला की गाळप बंद होतं. झांबिया, मलावी, झिम्बाब्वे, इस्वातिनी या पट्ट्यात बरोबर उलटं असतं. तिकडे पाऊस नोव्हेंबर ते मार्च आणि गाळप एप्रिलपासून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. इकडची गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, थांबते तेव्हा तिकडची सुरू होते. त्यामुळे सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर भागातले पॅनमन, केमिस्ट, फिटर, टर्बाइनवाले इकडचा हंगाम आटोपून आफ्रिकेत जातात. ऊसपट्ट्यात ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. तिथे जाऊन माणूस जगतो कसा, हे मात्र परत आलेला कुणी फारसं सांगत नाही. विचारलं तर पगाराचा आकडा सांगतो, सिंह पाहिला की नाही ते सांगतो आणि विषय संपतो.

मी कराड तालुक्यातला. पॅन सेक्शनमध्ये, म्हणजे रस आटवून साखरेचा दाणा पाडतात तिथे, हयात गेली. हंगामी कामगाराला बंद काळात रिटेन्शन मिळतं, म्हणजे पगाराचा थोडा भाग, आणि आमच्याकडे तोही महिनोन्महिने थकायचा. मुलीचं इंजिनिअरिंग सुरू झालेलं. आमच्यातलेच एक ज्येष्ठ चीफ केमिस्ट आधी झांबियात होते. त्यांनी 2024च्या हंगामासाठी तिथल्या मझाबुका गावच्या कारखान्यात माझं नाव सुचवलं. शहरातल्या एका एजंटने दरम्यान फोन करून ‘डिपॉझिट’ मागितलं होतं, त्याला मी नाही म्हटलं. ज्यांना जायचंय त्यांना मी हेच सांगतो, की ज्या कारखान्यात जायचं तिथे काम केलेला माणूस शोधा आणि त्याच्यामार्फत थेट बोला.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण त्यात घाई चालत नाही. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स, डिप्लोम्याच्या साक्षांकित प्रती, अनुभवाचे दाखले, वैद्यकीय तपासणी. वर्क परमिटचा अर्ज तिथली कंपनीच तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे करते. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत तिकीट काढायचं नाही, हा नियम मी पाळला. करारात चार गोष्टी लिहून घेतल्या: परतीचं तिकीट कोण देणार, पगारातला किती भाग क्वाचात, म्हणजे झांबियाच्या चलनात, आणि किती भारतातल्या खात्यात, कर कापून की कर धरून, आणि आजारी पडलो तर दवाखान्याचा खर्च कुणाचा. त्या वर्षी डॉलरला 25-26 क्वाचा मिळत होते आणि भाव सारखा हलत होता. सगळा पगार क्वाचात घेतला असता तर घरी पाठवायच्या रकमेचा हिशेबच लागला नसता.

मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून लुसाका. लुसाकाहून मझाबुका नैर्ऋत्येला सव्वाशे किलोमीटर आहे, लिव्हिंग्स्टन आणि व्हिक्टोरिया धबधब्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर. काफुए नदीचा पूल ओलांडला की चिरुंडूकडे, म्हणजे झिम्बाब्वेकडे जाणारा फाटा लागतो. नंतर मुनालीचे डोंगर आणि त्या चढावर तांबं घेऊन दक्षिणेकडे निघालेल्या ट्रकांची रांग. डोंगर उतरलं की सपाटी सुरू होते आणि दोन्ही बाजूंना ऊस. मधूनमधून सेंटर पिव्हट, चाकांवर फिरणारा तो लांबलचक पाइप. आमच्याकडे दोन-तीन एकरांचे तुकडे, तिथे एका पिव्हटखाली डोळा पोचणार नाही एवढं शेत. पाणी काफुए नदीचं. हेक्टरी उतारा 100 टनांच्या पुढे जातो. ते मी आधी ऐकलेलं होतं, पण उभा ऊस पाहिल्यावर पटलं.

पहिल्या आठवड्यात डोक्यात बसली ती काजळी. तिथे तोडणीच्या आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे उसाला आग लावतात. पाचट जळून जातं, साप-विंचू पळतात आणि तोडणाऱ्याला पानांची धार लागत नाही. आकाशात एक काळा ढग उठतो आणि मग तासाभराने जळक्या पाचटाच्या बारीक नळ्या गावावर पडायला लागतात. दोरीवरचे कपडे, पाण्याचं पिंप, अंगणातली खुर्ची, सगळ्यावर काळी रेघ. मझाबुकातल्या बायका धूर कुठल्या दिशेला आहे ते बघूनच धुणं वाळत घालतात, आणि मीही लवकरच तसंच करू लागलो. जाळलेला ऊस थांबवून ठेवता येत नाही, साखरेचा उतारा घसरतो, म्हणून तोडणी, भरणी, वाहतूक सगळं घड्याळावर चालतं. तोडणारे बहुतेक एकटे पुरुष, लांबच्या जिल्ह्यांतून हंगामापुरते आलेले. आपल्याकडे बीडकडून नवरा-बायकोची जोडी कोयत्यावर येते, पोरं फडात वाढतात. तिथे बायको-पोरं गावी मक्याच्या शेतावर आणि पुरुष कंपनीच्या वस्तीत. दोन्हीपैकी काय बरं, हे मला ठरवता आलेलं नाही. आपल्याकडे त्या पोरांची शाळा बुडते. तिथे बाप महिनोन्महिने दिसत नाही.

कामाचं मला भय नव्हतं. साखर सगळीकडे एकाच रीतीने जमते. रस काढायला त्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांत मिलऐवजी डिफ्युझर, म्हणजे उसाचा भुगा गरम पाण्याने धुऊन रस काढणारं यंत्र, असतो, पण रस पुढे सिरप होऊन पॅनवर आला की मी माझ्या घरी. व्हॅक्यूम 25 इंचांवर, तापमान 60-65 अंशांच्या दरम्यान, सिरप घट्ट होत जातं. योग्य क्षणी सीड स्लरी, म्हणजे बारीक साखरेचं बीज, सोडायची आणि मग दाणा वाढवत न्यायचा. माझ्या हाताखाली जो तरुण असिस्टंट दिला होता तो टोंगा जमातीचा होता, त्या दक्षिण प्रांतातलाच. त्याने पहिल्या रात्री प्रूफ स्टिक ओढून काचेच्या पट्टीवर नमुना घेतला, बल्बसमोर धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “खोटा दाणा येतोय, बॉस, पाणी देऊ?” काचेवर मोठ्या दाण्यांच्या मधे धुळीसारखा बारीक दाणा चमकत होता. मी मान हलवली. त्याने वॉश वॉटरचा व्हॉल्व्ह किंचित उघडला, थोडा वेळ थांबला, पुन्हा नमुना घेतला आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तो मॅसेक्विट, म्हणजे दाणा आणि मळीचं दाट मिश्रण, ताणून तार किती लांब जाते ते पाहिलं. आमच्या उस्तादांनी आम्हाला शिकवलेली खूण हीच. त्याला त्याच्या चुलत्याने शिकवलेली, जो तीसेक वर्षं याच फ्लोअरवर होता. त्या रात्रीनंतर आमचं जमून गेलं.

साखरेचा एक टप्पा मात्र मी तिथे नव्याने पाहिला. आपण गंधकाचा धूर देऊन पांढरी साखर करतो. तिथे घरोघरी जाते ती तपकिरी छटेची साखर, आणि तिच्यात अ जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. 1998 पासून झांबियात घरगुती वापराच्या साखरेसाठी हे कायद्याने बंधनकारक आहे. मुलांमध्ये अ जीवनसत्त्वाची कमतरता फार होती आणि साखर गरिबाच्या घरातही जाते, म्हणून साखरेची निवड केली. पावडरचा डोस बरोबर पडतोय का हे बघायला प्रयोगशाळेतली मुलगी दर शिफ्टला नमुने नेते. मी साखर करण्यात आयुष्य घालवलं, पण आपल्या हातून निघालेल्या पोत्याने कुणाच्या पोराची नजर शाबूत राहते, असा विचार करायची वेळ याआधी आली नव्हती. ते काम मी फार मनापासून केलं.

राहायला गावात कंपनीने भाड्याने घेतलेलं घर होतं. माझ्याबरोबर एक मेरठकडचे बॉयलरवाले आणि एक तमिळ इलेक्ट्रिशियन. पहिली गोष्ट शिकावी लागते ती नमस्काराची. आपण दुकानात शिरून ‘दोन किलो कांदे द्या’ म्हणतो. तिथे असं बोललं की समोरचा गप्प होतो. आधी ‘म्वाबुका बुती’ (सकाळी कसे उठलात), मग ‘काबोतु’ (बरं आहे), मग घरचे कसे आहेत, झोप झाली का, आणि त्यानंतर कांदे. वडीलधाऱ्या माणसाशी हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराला लावायचा. म्हातारी बाई दिसली तर तळवे थोडे पोकळ करून हळू टाळी वाजवायची आणि गुडघ्यात वाकायचं. सुरुवातीला मला शिफ्टला पोचायची घाई असायची आणि हे सगळं लांबण वाटायचं. नंतर मीच रस्त्याच्या पलीकडून टाळी वाजवायला लागलो. माझे केस पांढरे, म्हणून पोरं मला ‘बा मुदाला’, म्हणजे म्हातारबुवा, म्हणायची, आणि मिनीबसमध्ये खिडकीजवळची जागा द्यायची.

जेवणाचं सांगतो. घरून नेलेला मसाला आणि तूरडाळ महिना-दीड महिन्यात संपते. पुढचं सामान लुसाकात ‘कामवाला’ नावाच्या भागातल्या गुजराती दुकानांतून येतं. पण रोज ते कशाला? मझाबुकाच्या बाजारात भोपळ्याची कोवळी पानं मिळतात, रताळ्याची पानं मिळतात, रेप नावाची एक पालेभाजी सगळीकडे असते, भेंडी असते, आणि शेंगदाणे तर ढिगाने. तिथल्या बायका भोपळ्याचा पाला शिजवून त्यात भरपूर शेंगदाण्याचं कूट घालतात, मीठ-टोमॅटोपलीकडे मसाला नाही. आमच्याकडे मोलकरीण म्हणून येणाऱ्या बाईंनी ती भाजी पहिल्यांदा वाढली तेव्हा मी दोनदा मागून घेतली. त्याबरोबर न्शिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड. हात धुवायला आधी भांडं फिरवतात, मग उजव्या हाताने गोळा तोडायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि त्यात भाजी उचलायची. टोंगा लोक गुरं पाळणारे, त्यामुळे माबिसी, म्हणजे विरजलेलं घट्ट दूध, हे त्यांचं आवडतं. न्शिमा, माबिसी आणि वर चिमूटभर साखर, एवढ्यावर माणूस दुपारची शिफ्ट काढतो. करिबा तलावातली सुकवलेली कापेंता मासळी मेरठवाल्यांनी तोंडात घातली नाही. मी परतून, लसूण-मिरची घालून सुकटीसारखी केली आणि असिस्टंटने डबा रिकामा केला.

बारीक दळलेल्या मक्याच्या पिठाच्या भाकरी मी रोज थापायचो. पोळपाट नव्हता, पितळी परातीची हौस पुरी होणार नव्हती, तरी भाकरी फुगली की मन ठिकाणावर यायचं. घरी फोन करताना साडेतीन तासांचा फरक लक्षात ठेवावा लागतो. माझी रात्रपाळी संपायची तेव्हा कराडला साडेनऊ वाजलेले असायचे, आई पूजेतून उठलेली असायची. ती पहिलं विचारायची, “जेवलास का?” आणि दुसरं, “पाऊस आहे का रे तिकडे?”

पाऊस नव्हता. 2024 हे झांबियाला फार वाईट गेलं. जानेवारी-फेब्रुवारीत मका कणसावर यायच्या वेळी पावसाने आठवडेच्या आठवडे तोंड दाखवलं नाही. 29 फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष हाकाइंदे हिचिलेमा यांनी दुष्काळ राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केला. देशात पेरलेल्या सुमारे 22 लाख हेक्टर मक्यापैकी 10 लाखांच्या आसपास वाया गेला होता. मी पोचलो तेव्हा मझाबुकाच्या बाहेर कोरडवाहू मका गुडघ्याएवढा होऊन उभ्या उभ्या वाळलेला होता, आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला पिव्हटखालचा ऊस हिरवागार. असं दृश्य मी माण-खटावला पाहिलंय, टेंभूच्या कालव्याकाठी पाहिलंय. त्यामुळे ते मला परकं वाटलं नाही, आणि म्हणूनच जास्त लागलं. लोक छाटून टाकलेलं उसाचं वाढं सायकलींवर बांधून गुरांसाठी न्यायचे. एका म्हाताऱ्याने सायकल थांबवून मला विचारलं, तुमच्याकडे हे गुरांना घालतात का? मी सांगितलं की आमच्याकडे वाढं विकतं, तोडणीवाल्याचा वरखर्च त्यावर निघतो. त्याने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

दुष्काळाचा दुसरा मार विजेचा. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावर तयार होते आणि त्यातला मोठा वाटा झांबेझीवरच्या करिबा धरणाचा. करिबाच्या तलावाची पातळी 475.5 मीटरच्या खाली गेली की टर्बाइनला पाणी घेता येत नाही. त्या वर्षी ती त्या खुणेकडे उतरत गेली. मे-जूनमध्ये गावात रोज आठ-दहा तास वीज जायची, सप्टेंबरपासून दिवसातले दोन-तीन तासच यायची. कारखाना स्वतःच्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, स्वतःची वीज करतो, त्यामुळे माझ्या पॅन फ्लोअरवर लख्ख उजेड आणि गेटबाहेर मिट्ट काळोख. शिफ्ट संपवून बाहेर पडताना दर वेळी तो फरक अंगावर यायचा.

वीज नाही म्हणजे काय, ते गिरणीवर कळतं. मक्याचं पीठ हे तिथलं जेवण, आणि वस्तीतल्या गिरण्या विजेवर चालतात. वीज रात्री एक वाजता येणार असेल तर बायका दहापासून पाट्या-बादल्या घेऊन गिरणीपुढे बसायच्या. जून-जुलैत तिथे कडाक्याची थंडी असते, रात्री पारा दहाच्या खाली जातो. चितेंगे, म्हणजे छापील कापडं, अंगावर गुंडाळलेल्या, पाठीवर पोरं बांधलेल्या, मधे कोळशाचा एक म्बाउला, म्हणजे शेगडी, पेटवलेला. एकदा रात्रपाळीला जाताना आमची गाडी तिथे थांबली, कारण आमच्या मोलकरीणबाई रांगेत दिसल्या. मी त्यांना म्हटलं, उद्या कामाला उशिरा या. त्या म्हणाल्या, “बाबा, वीज मला विचारून येत नाही, आणि मुलं सकाळी शाळेत जातात.” दुसऱ्या दिवशी त्या वेळेवर आल्या. मी कंपनीत बोललो, बाकी दोघांनीही साथ दिली, आणि आमच्या भागातल्या कामवाल्यांसाठी शनिवारी कारखान्याच्या वसाहतीतल्या गिरणीवर दळण घ्यायची सोय झाली. छोटीच गोष्ट, पण तिच्यासाठी मी जेवढा भांडलो तेवढा स्वतःच्या भत्त्यासाठी भांडलो नव्हतो.

करिबाचं नाव निघालं की असिस्टंट गप्प व्हायचा. एकदा सप्टेंबरातल्या रविवारी त्याने मला आपल्या मावशीकडे नेलं, ग्वेम्बेच्या बाजूला, डोंगर उतरून. तिथे जे ऐकलं ते लिहितो, कारण आमच्याकडच्या लोकांना ते कळेल. 1957-58 मध्ये करिबाची भिंत बांधली जात असताना झांबेझीच्या दोन्ही काठांवरच्या सुमारे 57,000 टोंगा लोकांना उठवलं. नदीकाठची गाळाची जमीन वर्षातून दोन पिकं द्यायची. ती सोडून त्यांना वरच्या कोरड्या, खडकाळ माळावर बसवलं. काही गावांनी हलायला नकार दिला, 1958 मध्ये गोळीबार झाला, माणसं मेली. धरणाची वीज तांब्याच्या खाणींना गेली आणि ज्यांची गावं बुडाली त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी अजून तार पोचलेली नाही. मावशींची आई त्या हलवाहलवीत होती. आपल्या देवळासारखी त्यांची पावसाच्या देवाची जागा पाण्याखाली गेली, हे त्या सगळ्यात आधी सांगतात, जमिनीचं नंतर.

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं, शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांपैकी एक. आजीच्या तोंडी हेच होतं: आधी देऊळ, मग शेत. कोयनेचे धरणग्रस्त रायगड-ठाण्यापासून सोलापूरपर्यंत विखुरले, आणि कोयनेची वीज मुंबई-पुण्याला गेली. मी मावशींना सांगितलं की आमच्या धरणानंतर 11 डिसेंबर 1967 ला मोठा भूकंप झाला. असिस्टंट पटकन म्हणाला, करिबातही झाला, 1963 ला, तलाव भरल्यावर. जलाशयामुळे भूकंप, या विषयावर भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत ही दोन नावं शेजारी शेजारी छापलेली असतात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि ते असं त्या अंगणात बसून एकमेकांना सांगायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मावशींनी चिब्वांतू दिलं, मक्याचं आंबवलेलं थंड पेय. आम्ही बराच वेळ तिथे बसलो.

मलेरिया झाला तो ऑक्टोबरात. मी जाळी लावून झोपायचो, तरी रात्रपाळीच्या वेळी डास चावणारच. अंग मोडून आलं, दात वाजायला लागले. तिथे कुणी अंदाज बांधत बसत नाही. क्लिनिकमधल्या नर्सबाईंनी बोट टोचून रक्ताचा थेंब किटवर टाकला, पंधरा-वीस मिनिटांत दोन रेघा उमटल्या आणि लगेच कोआर्टेमच्या गोळ्या हातात ठेवल्या. चार गोळ्या लगेच, चार आठ तासांनी, मग सकाळ-संध्याकाळ चार-चार, एकूण तीन दिवस. त्या काहीतरी स्निग्ध खाऊन घ्यायच्या, नाहीतर नीट लागू पडत नाहीत, हे त्यांनी मला तीनदा बजावलं आणि माझ्याकडून वदवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, अशक्तपणा मात्र पंधरवडाभर राहिला. घरी मी ‘थोडी सर्दी आहे’ एवढंच सांगितलं होतं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की भारतात परतल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तरी डॉक्टरला ‘मी झांबियात होतो’ हे आधी सांगायचं. आपल्याकडे त्या तापाला डेंगी समजून दोन दिवस घालवले तर जिवावर बेतू शकतं.

मुळात मला पटलेली गोष्ट एकच आहे. हंगामासाठी परदेशी गेलेले आमचे बरेच लोक त्या महिन्यांना आयुष्यात धरतच नाहीत. खोली, ड्यूटी, खोली, मोबाइल, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुल्या. पैसा मिळतो, पण माणूस आतून वाळतो, आणि चिडचिडा होऊन परततो. माझ्याबरोबरचे मेरठवाले पहिले तीन महिने असेच होते. मग त्यांना रविवारी बाजारात नेलं, त्यांनी रेपच्या पानांत मोहरीच्या भाजीचा स्वाद शोधला, बाजारातल्या दोन बायका त्यांच्यासाठी कोवळी जुडी बाजूला ठेवायला लागल्या, आणि त्यांची झोप सुधारली. औषधाने झालं नसतं ते त्या जुडीने झालं. गणेश चतुर्थीला, 7 सप्टेंबरला, लुसाकातल्या एका मराठी कुटुंबाने बोलावलं होतं. त्यांच्याकडे आरतीला शेजारचे झांबियन कुटुंब टाळ्या धरून उभं होतं. तिथेही मला असंच वाटलं, की जिथे राहतो तिथल्या माणसांना आपल्या घरात घेतलं की ते घर होतं.

जेवणाच्या सुट्टीत पॅन फ्लोअरवर एक विषय वारंवार निघायचा. मी सांगितलं होतं की आमच्याकडचे बरेच कारखाने शेतकऱ्यांच्या मालकीचे, सहकारी. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला उभा केला, आणि मग ती वाट सगळ्यांनी धरली. हे ऐकून त्यांचे डोळे मोठे व्हायचे. मझाबुकाला कालेया भागात छोटे शेतकरी कारखान्यासाठी ऊस पिकवतात, पण कारखाना त्यांचा नाही. “मग तुमच्याकडे दर शेतकरी ठरवतो?” नाही, एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं. “पैसे वेळेवर मिळतात?” कायद्याने 14 दिवसांत. “मिळतात का?” मी खरं ते सांगितलं: काही ठिकाणी मिळतात, काही ठिकाणी शेतकऱ्याला रस्त्यावर बसावं लागतं. निवडणुकीचं राजकारण सांगितलं, आणि त्यातून उभी राहिलेली शाळा-कॉलेजं, दवाखानेही सांगितले. एक वयस्कर फिटर म्हणाले, भांडायला आपलं असं काहीतरी आहे ना तुमच्याकडे. सहकाराबद्दल मी इतकी भाषणं ऐकली, त्यांच्या त्या एका वाक्याइतकं मला कुणी पटवलं नाही.

24 ऑक्टोबरला झांबियाच्या स्वातंत्र्याला 60 वर्षं झाली. गावात ध्वज, मुलांची मिरवणूक आणि अंगातून पाणी काढणारा उकाडा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिला मोठा पाऊस आला, फडातले रस्ते चिखलाने बंद पडू लागले आणि उसाची आवक तुटक झाली. हंगाम संपत आला की पॅनवर सी मॅसेक्विट, म्हणजे शेवटच्या दर्जाचा मॅसेक्विट, साफ करून घ्यायचा, सगळ्या टाक्या रिकाम्या करायच्या, पॅन सोडा घालून उकळून घ्यायचे. ते सगळं असिस्टंटने केलं, मी नुसता उभा होतो. कंपनीने कर भरल्याचा दाखला दिला, तो आणि पगाराच्या सगळ्या स्लिपा जपून ठेवल्या, कारण इथे रिटर्न भरताना लागतात.

एप्रिलमध्ये पुन्हा या म्हणून पत्र आलं आहे आणि मी होकार कळवला. दरम्यान असिस्टंटचं एक काम अंगावर घेतलंय. त्याला साखर तंत्रज्ञानाचं रीतसर शिक्षण घ्यायचंय, आणि त्याची नजर आणि हात पाहता ते त्याला मिळायलाच हवं. कानपूरच्या नॅशनल शुगर इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेशाची काय अट आहे, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये छोटे अभ्यासक्रम कोणते, हे विचारायला मी दोन्हीकडे पत्रं टाकली आहेत. त्याने बारावीचं सर्टिफिकेट आणि अनुभवाचा दाखला स्कॅन करून पाठवलाय. पासपोर्ट अजून काढायचाय. फीचं आणि राहण्याचं जमवायला आमच्या चीफ केमिस्ट साहेबांशी पुढच्या आठवड्यात बोलणार आहे.